अकरा हजार फुटांवरची सोयरीक

उंची समुद्रसपाटीपासून मोजतात हे शाळेत सगळेच शिकतात. पण ती समुद्रसपाटी नेमकी कुठे असते ते बघायचं असेल तर आमच्या मांडवीतल्या घराच्या मागच्या दारी या. चार पायऱ्या उतरलात की तीच. उधाणाच्या भरतीला तर तेवढंही उतरावं लागत नाही, तीच वर येते. म्हणजे जगातल्या यच्चयावत डोंगरांची मोजणी आमच्या धुण्याच्या दगडापासून सुरू होते, असं मी भूमी अभिलेख कार्यालयातल्या नोकरीच्या अधिकाराने सांगू शकतो. अशा जागी जन्मून, वाढून, टक्कल पडलेल्या माणसावर अकरा हजार फूट वर जायची वेळ आली ती मुलीमुळे.

आमची सानिका लडाखात नुब्रा नावाच्या खोऱ्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर आहे. रत्नागिरीत एवढा पाऊस पडतो की कपाटातल्या लग्नाच्या सुटालाही बुरशी येते. तिथली मुलगी पाण्याची सोय करायला गेली कुठे, तर वाळवंटात. तेही थंड वाळवंटात. "वाळूही आहे आणि बर्फही आहे," असं तिने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा दमयंती, म्हणजे आमची सौ., म्हणाली होती, "एकाच ठिकाणी दोन्ही कशाला गो? एक कायतरी निवडायचं."

तर या सानिकेचा मे महिन्यात फोन आला. रिगझिन नावाच्या तिच्याच खात्यातल्या मुलाशी लग्न करायचं तिच्या मनात आहे हे आम्हाला दिवाळीपासून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं. मी आपला "बघू" या शब्दावर सहा महिने तग धरून होतो.

"बाबा, त्याचे आईवडील तुम्हाला भेटायचं म्हणतायत. जूनमध्ये दोघं या. आणि एक नीट ऐका. लेहला उतरल्यावर दोन दिवस काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं. तिथे हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो."

अख्खी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला दोन दिवस काहीही न करणं अवघड वाटू नये. कामाची नाही, मला पोझिशनची काळजी होती. मी जाणार कोण म्हणून? मुलीचा बाप म्हणून. मुलगा पाहणार, घर पाहणार, माणसं जोखणार, आणि एवढ्या लांब पोरगी द्यायची की नाही ते ठरवणार. आडवं पडून माणूस काय ठरवणार? लग्नाच्या बोलणीला बैठक म्हणतात. झोपक म्हणत नाहीत.

"सवयच करायची ना?" मी दमयंतीला म्हटलं. "मग ती इथूनच करून जाऊ. विमानातून उतरलो की ताठ चालत त्यांच्यासमोर उभा राहतो की नाही बघ."

दमयंती कोकमं वाळत घालत होती. ती म्हणाली, "तुम्ही रिक्षातून उतरता तेव्हापण आधी गुडघा धरता."

अशा वातावरणात मी कामाला लागलो.

कुठलंही काम गुपचूप करायचं असेल तर ते रत्नागिरीत करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळीच भिकाजी मयेकर ओटीवर हजर. भिकाजी आमचे शेजारी. जहाजावर सारंग होते, आता निवृत्त आहेत, पण सल्ल्याच्या कामातून अजून निवृत्त झालेले नाहीत.

"अनिलराव, उंचीवर जातांव म्हणे. माझा ऐका. मी जग फिरलोय."

"पण तुम्ही समुद्रावरून फिरलात ना?"

"पृथ्वी गोल हाय. कुठनं फिरलात त्याला महत्त्व नाय." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. "गोष्ट दमाची हाय. वर हवा कमी. म्हणजे काय करायचा? कमी हवेत जगायची सवय लावायची. रोज मांडवीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचा, नाक धरायचा, डोका खाली घालायचा. जेवढा वेळ राहतांव तेवढा उंच जातांव."

यातलं शास्त्र मला त्या वेळी बिनतोड वाटलं. तरीही खबरदारी म्हणून मी डॉक्टरांना विचारायला गेलो. डॉक्टर म्हणजे वैष्णवी, सानिकेची शाळेतली मैत्रीण. हिला मी आमच्या पेरूवरून खाली उतरवलेलं आहे. त्यामुळे ती माझा रक्तदाब मोजत असताना मला आपणच तिचा मोजतोय असं वाटत राहतं.

"काका, सगळं छान आहे. पण समुद्रकाठी राहून उंचीची सवय होत नाही. विहिरीत बसून विमान चालवायला शिकण्यासारखं आहे ते."

"मग करायचं काय?"

"सानिका सांगते तेच. तिथे जाऊन झोपायचं, पाणी प्यायचं. एक गोळी देते, ती जायच्या आदल्या दिवसापासून घ्या."

"पण काही व्यायाम वगैरे?"

"किल्ल्यावर चालायला जा हवं तर. तब्येतीला चांगलं. उंचीशी त्याचा संबंध नाही."

या सगळ्यातलं "किल्ल्यावर जा" एवढंच मी ऐकलं. मनुष्यस्वभाव. दुसऱ्या दिवसापासून भगवतीचा किल्ला सुरू केला. करोनाच्या काळात घेतलेलं ते बोटात अडकवायचं यंत्र घरात पडून होतं, ते बरोबर घेतलं. दर वळणाला थांबायचं, बोट त्यात घालायचं, आकडा बघायचा. आकडा खाली आला तर स्वतःलाच दटावणी, वर गेला तर शाबासकी. आता एखादा माणूस सकाळच्या प्रहरी रस्त्यात मध्येच थांबतो, स्वतःच्या बोटाकडे टक लावून बघतो आणि खिन्नपणे मान हलवतो, हे लोकांच्या नजरेत भरतंच. देवळाच्या पायरीवर एका अनोळखी बाईंनी मला पाणी देऊन विचारलं, "पुण्याला दाखवलंत का कुणाला?"

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. हीच पहिली चूक.

मग थंडीचा प्रश्न आला. सानिका म्हणाली होती की वाऱ्याला धार असते, गरम कपडे लागतील. मी असा विचार केला की स्वेटर अंगात असताना वाळूत चालायची सवय एकत्रच करून टाकावी. आरे-वारेच्या वाळूत, मे महिन्यात, मी स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून चाललो. माझ्या मते हा संयुक्त सराव होता. तिथल्या शहाळेवाल्याच्या मते तो हिवताप होता. त्याने मला खुर्चीत बसवलं, वर आणखी एक पोतं पांघरलं आणि कुणाला तरी फोन केला. घरी पोचेपर्यंत शेजारच्या गोदूबाई दारात उभ्या. त्यांच्या मागे आरोग्य खात्याचे दोघेजण, हातात काचपट्ट्या घेऊन.

"मला काहीही झालेलं नाही," मी घामाने निथळत म्हणालो.

"तापात माणूस असाच बोलतो," गोदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात धरून ठेवला. रक्त घेतलं. घरामागचं पिंप उलटं केलं. दारावर खडूने तारीख घातली. दमयंतीने त्या दोघांना सरबत दिलं आणि मला टॉवेल.

पण खरी बोंब झाली ती मांडवीच्या पाण्यात. भिकाजींच्या सांगण्याप्रमाणे मी संध्याकाळी गळ्याइतक्या पाण्यात गेलो. भिकाजी किनाऱ्यावर घड्याळ घेऊन उभे. मी नाक धरलं, बुडी मारली. पहिली बुडी बरी झाली. दुसऱ्या बुडीत मी जरा ईर्ष्येने आत राहिलो. तेवढ्यात कुणीतरी माझी काख धरली, कुणीतरी मान धरली, आणि शिट्ट्यांच्या आवाजात मला वाळूवर आणून पालथं घातलं. किनाऱ्यावरचे जीवरक्षक होते बिचारे. मी बोलायला तोंड उघडलं की ते पाठ दाबत, त्यामुळे खुलासा अर्धाच बाहेर पडे. भिकाजी मोठ्याने सांगत होते, "सोडा त्यांना, ते हिमालयात चाललेत!" हे ऐकून गर्दीतल्या एका माणसाने टोपी काढली.

रात्र पडायच्या आत मोबाइलवर बातमी फिरली. "मांडवी येथे बुडणाऱ्या वृद्धास जीवदान." मला बुडणाऱ्या हा शब्द लागला नाही. वृद्धास लागला.

झालं. किल्ल्यावरचं बोट, आरे-वारेचा ताप, मांडवीचं पाणी. तिन्हीची बेरीज लोकांनी आपापल्या घरी केली. उत्तर एकच आलं: शिवलकरांना काहीतरी मोठं झालंय आणि शेवटचं म्हणून मुलीला भेटायला चाललेत. माणसं केळी घेऊन येऊ लागली. ओटीवर बसून हळू आवाजात दमयंतीशी बोलत, आणि मी बाहेर आलो की हवापाण्यावर घसरत. चिपळूणहून माझा मावसभाऊ आला; आम्ही आंब्याच्या कलमांवरून बोलत नव्हतो, तो येऊन मला मिठी मारून गेला. कलमं मात्र त्याच्याकडेच राहिली.

या सगळ्याचा एक फायदा झाला, तो ऑफिसात. माझा रजेचा अर्ज तीनदा परत आला होता. पहिल्यांदा कारण अपुरं म्हणून. दुसऱ्यांदा मी कारणाच्या जागी "उंचीची सवय होणेकामी" असं लिहिलं, तेव्हा पदोन्नतीचा टोमणा समजून साहेब दुखावले. तिसऱ्यांदा त्यांनी उंचीवर जाण्यास सक्षम असल्याचा दाखला मागितला. वैष्णवी म्हणाली, "काका, तुम्ही रत्नागिरीत फिट आहात एवढंच मी लिहू शकते. लेहला फिट आहात का ते लेहला गेल्यावर कळेल." साहेब म्हणाले, मग लेहला जाऊन दाखला आणा, मग रजा देतो. मी म्हटलं, रजा नसताना लेहला जाऊ कसा? साहेब म्हणाले, तो तुमचा प्रश्न.

बातमी फिरल्यावर त्याच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उठून उभे राहिले. साहेब माझ्यासाठी उठून उभे राहिल्याची ही पहिलीच वेळ.

"शिवलकर, आधी का नाही बोललात?"

"साहेब, तसं काही नाहीये."

"किती धीराने घेताय." त्यांनी सही केली. मी मागितली होती त्यापेक्षा आठवडाभर जास्तच रजा दिली. निघायच्या दिवशी स्टाफने मला शाल आणि श्रीफळ दिलं. भाषणात "होते" हा शब्द दोनदा आला.

प्रवासाचं सांगत बसत नाही. वैष्णवीची गोळी घेतल्यामुळे माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि मला विमानात इतक्या वेळा उठावं लागलं की हवाई सुंदरी मला नावाने ओळखू लागली. लेहला उतरलो. आभाळ असं निळं की कुणी नुकतंच धुऊन वाळत घातलंय. चौफेर उघडे, तपकिरी डोंगर, झाडाचं नाव नाही. दमयंती म्हणाली, "अगो बाई, सगळी कातळसड्याचीच जमीन. ह्यांना पण सातबारा असेल ना?" आणि ती सानिकेच्या गळ्यात पडली.

सानिकेबरोबर रिगझिन होता. उंच, गालांवर उन्हाने भाजल्याच्या खुणा. त्याने वाकून नमस्कार केला, "जुले, बाबा," म्हणाला आणि आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या. मी त्याच्याकडे गंभीरपणे पाहून "हं" म्हटलं. हा "हं" मी घरून तयार करून आणला होता.

गेस्टहाउसमध्ये खोली दाखवून सानिका म्हणाली, "आता झोपा. रिगझिनचे आईबाबा गावाहून इथे आलेत, संध्याकाळी सहज चहाला येणार आहेत. तुम्ही पडल्या पडल्याच भेटा, त्यांना माहिती आहे."

पडल्या पडल्या! मला उलट उत्तम वाटत होतं. डोकं हलकं, पाय हलके. दमयंतीने उशी घेतली आणि ती आज्ञाधारकपणे झोपली. तशीही ती जन्मभर दहा पावलं चालली की टेकते, घोट घोट पाणी पिते आणि घाई कशाला म्हणते. तिला सवय करण्यासारखं नवीन काही नव्हतंच.

मी मात्र खिडकीतून समोरच्या टेकडीवर एक पांढराशुभ्र स्तूप पाहिला. वरपर्यंत पायऱ्या. मनात म्हटलं, हा तर आपल्या भगवतीच्या किल्ल्याचा धाकटा भाऊ. पाहुणे यायच्या आत वर जाऊन यावं आणि ते आले की सहज म्हणावं, "जरा स्तूपापर्यंत फिरून आलो." एका वाक्यात रत्नागिरीची शान कुठल्या कुठे पोचली असती. मी चपला हातात घेऊन दाराबाहेर पडलो.

सुरुवातीच्या पायऱ्या झकास गेल्या. मग मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या छातीवर तांदळाचं पोतं ठेवलंय. मी थांबलो. पोतं थांबलं नाही. यंत्र काढून बोट घातलं तर असा आकडा आला की मला वाटलं यंत्रालाच हवा कमी पडतेय. मागच्या डोक्यात घण बसू लागले. खाली बघितलं, तर खालच्या पायऱ्या मला सोडून निघून चालल्यासारख्या दिसल्या. मी जिथे होतो तिथे बसलो. बसल्यावर आडवा झालो. आडवा झाल्यावर सकाळी विमानात दिलेलं सगळं बाहेर आलं, आणि त्याबरोबर मुलीच्या बापाचा उरलासुरला रुबाबही.

तिथे किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा रिगझिन शेजारी उकिडवा बसला होता. खोलीत मी नाही म्हटल्यावर त्याने खिडकीतून टेकडीकडे बघितलं आणि सरळ इकडे आला. तो रागावला नाही, हसला नाही. स्वतःच्या रुमालाने त्याने माझं तोंड पुसलं.

"बाबा, चलेंगे?"

"हम को कुछ नहीं हुआ," मी म्हणालो. "हम सिर्फ देखने को आया था."

"हां बाबा. बहुत अच्छा दिखता है यहां से." असं म्हणून त्याने माझ्याकडे पाठ केली आणि खाली वाकला. मला कळेना, हा पाठ का फिरवतोय. मग कळलं.

आता माझ्या मनाची स्थिती समजून घ्या. होणाऱ्या जावयाची परीक्षा घ्यायला हजारो मैल आलेला मी, लहान पोरासारखा त्याच्या पाठुंगळी बसलो होतो. माझे पाय दोन्हीकडे लोंबत होते, चपला त्याच्या हातात होत्या. मी त्याच्या कानाशी, जमेल तितक्या गांभीर्याने, तयार करून आणलेले प्रश्न विचारायचा प्रयत्न केला.

"आपका... आगे का... विचार क्या है?"

"अभी तो नीचे जाने का है, बाबा," तो म्हणाला.

उत्तरात खोट काढता येईना.

गेस्टहाउसच्या फाटकातून आम्ही आत शिरलो आणि समोर बघतो तर रिगझिनचे आईवडील. ठरल्या वेळेच्या आधीच आलेले. दोघंही त्यांच्या पारंपरिक लांब झग्यात, हातात खताक, म्हणजे स्वागताचे पांढरे रेशमी शेले. वडील, फुंचोक त्यांचं नाव, सैन्यातून निवृत्त झालेले, काठीसारखे ताठ. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना, त्यांच्या मुलाच्या खांद्यावरून, पाहिलं. आम्ही बरोबर एका उंचीवर होतो. सानिकेने कपाळाला हात लावला. दमयंती उशीच्या सुरकुत्या गालावर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अहो, हे काय? पाहुण्यांच्या पाठीवर काय चढलात?"

फुंचोक मात्र क्षणभरही गडबडले नाहीत. दोन पावलं पुढे आले आणि मी पाठीवर असतानाच त्यांनी माझ्या गळ्यात खताक घातला. खताक लांब होता. त्याचं एक टोक रिगझिनच्याही गळ्यावरून आलं. मला हात जोडायचे होते, पण हात सोडले असते तर मागे पडलो असतो. मग मी फक्त म्हणालो, "जुले." आणि डोळे मिटले.

त्यानंतर दवाखाना, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंची बोलणी. त्या मला सगळं हिंदीतून बोलल्या, तरी कळलं. त्यांनी मला निक्षून सांगितलं: उठायचं नाही, आणि बोलायचंही नाही. दम वाया जातो. शासकीय सेवेत मला याहून स्पष्ट आदेश कधी मिळाला नव्हता.

मी खोलीत परत येऊन पडलो. सगळी वर्दळ माझ्या आजूबाजूने चाले आणि मी छताकडे बघे. रिगझिनची आई येऊन गरम सूप देऊन जाई. दमयंती तिला कुळथाची पिठी करून दाखवे. एकीला मराठी येत नाही, दुसरीला लडाखी येत नाही, हिंदी दोघींचीही अशी की हिंदीवाल्याने कान झाकावेत. पण दोघी बाहेरच्या व्हरांड्यात जर्दाळू निवडत तासन्‌तास बोलत. मध्येच हसत. बहुतेक मला.

दुसऱ्या दुपारी सानिका माझ्याजवळ बसली होती. नळी काढली होती, डोकं थोडं मोकळं झालं होतं. ती यंत्रातला आकडा बघत म्हणाली, "बाबा, रागावू नका. मी पहिल्यांदा इथे आले ना, तेव्हा मलाही असंच झालं होतं. तुमच्याहून वाईट."

मी मान वळवली.

"घरच्यांना सांगू नका म्हटलं होतं मी सगळ्यांना. तुम्ही लगेच परत बोलावलं असतंत. ऑफिसात ओळखीचं कुणी नव्हतं. रिगझिन तेव्हा नुसता शेजारच्या टेबलावरचा. तो मला सरळ घरी घेऊन गेला आणि त्याच्या आईने आठवडाभर ठेवून घेतलं. रोज डोकं चेपायची. तिला माझं नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं तेव्हा. सालिका म्हणायची."

बोलायची बंदी होती हे बरंच झालं. मुलगी हजारो मैलांवर डोकं धरून, ओकत पडलेली, आणि मी इथे मांडवीला ओटीवर बसून तिला फोनवर विचारतोय, "जेवलीस का?" आणि ती सांगतेय, "हो बाबा, भात." कुणाच्या घरातला तो भात, हे मी विचारलंच नव्हतं. मी नुसता तिचा हात धरला. यंत्र त्याच हाताच्या बोटात होतं. आकडा वर गेला, असं ती म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर आम्ही नुब्राला, रिगझिनच्या गावी निघालो. वाटेत खारदुंगची खिंड लागते. तिथे फार वेळ थांबू नका असा दंडक आहे. मी जीपमध्ये डोळे मिटून, सांगितल्याप्रमाणे हळूहळू श्वास घेत बसलो होतो. अगदी माथ्यावर आलो आणि माझ्या बरगड्यांपाशी "फाट्!" असा आवाज झाला.

"गेलं!" मी ओरडलो. "फुफ्फुस गेलं!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. सगळे माझ्याकडे वळले. माझ्या मांडीवर पोह्याच्या चिवड्याचा सडा पडला होता. दमयंतीने रत्नागिरीहून आणलेली सीलबंद पिशवी त्या विरळ हवेत फुगत फुगत फुटली होती.

"तुमचं फुफ्फुस खाऊन बघू का?" सानिका म्हणाली आणि दोन शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. फुंचोकांनी चिवडा चाखून मान डोलावली. माझ्या अंतर्गत अवयवाची एवढी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. दमयंती खाली उतरून फोटो काढून आली. तो फोटो तिने भिकाजींना पाठवला, आणि त्यांचं उत्तर आलं, "बुडी कामाला आली."

रिगझिनचं गाव खिंडीपेक्षा पुष्कळ खाली. तिथे श्वास आला. मधून नदी, काठाला हिरवीगार शेतं, आणि त्यांच्या पलीकडे एकदम करड्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर दोन वशिंडांचे उंट. मागे डोंगरांवर बर्फ. संध्याकाळी सगळे वाळूवर फिरायला गेलो. दोन्ही बायका पायथ्याशी थांबल्या. सानिका आणि रिगझिन पुढे निघून गेले. मी आणि फुंचोक हळूहळू एक टेकडी चढलो आणि माथ्यावर बसलो. मी दमलो होतो हवेमुळे, आणि ते गुडघ्यांमुळे.

खाली सानिका वाळूत चालत होती. रिगझिन तिच्या दोन पावलं मागे. ती थांबली की तो थांबे. ती काहीतरी हातवारे करून सांगत होती, पाण्याच्या नळाचंच असणार. मला वाटलं, आता बोलावं. एवढ्या दिवसांचा "बघू" आता संपवावा आणि रीतसर होकार द्यावा. मी बसल्या बसल्या पाठ ताठ केली.

"फुंचोकजी," मी म्हणालो, "हमने बहुत विचार किया. लडका अच्छा है. घर अच्छा है. हमारी तरफ से..."

"शादी का बात?" त्यांनी विचारलं.

"हां."

ते जरा वेळ वाळू मुठीत घेऊन सोडत राहिले. मग अवघडून म्हणाले, "वो तो हो गया, साहब."

"क्या हो गया?"

"तारीख हो गया. सितंबर में. पहले इधर, फिर दिवाली के बाद आपके उधर. खाना भी हो गया. इधर कितना आदमी, उधर कितना आदमी, सब हो गया." त्यांनी पायथ्याशी बसलेल्या दोघींकडे बोट केलं. "वो दोनों ने किया. जर्दालू साफ करते करते."

मी खाली बघितलं. दमयंती रिगझिनच्या आईला पदराचं काहीतरी समजावून सांगत होती.

"लेकिन हमको तो किसी ने पूछा नहीं!"

"आप तो बीमार थे, साहब," फुंचोक म्हणाले. "डॉक्टर ने बोलने को मना किया था."

"और आपको पूछा?"

त्यांनी दूर बर्फाकडे पाहिलं. सीमेवर आयुष्य काढलेला तो ताठ माणूस एकदम थोडा वाकला.

"नहीं," ते म्हणाले. "और मैं तो बीमार भी नहीं था."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी ते हसले की मी, माहीत नाही. पण मग ते हसू काही आवरेना. मी वाळूत मागे कलंडलो, त्यांनी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, आणि थापट्या मारता मारता त्यांनाच ठसका लागला.

खालून दमयंतीचा आवाज आला, "अहो! हसू नका एवढं, दम लागेल!" आणि तिच्यापाठोपाठ रिगझिनची आईही उभी राहून वरच्या दिशेने लडाखीत काहीतरी कडाडली.

मला लडाखी येत नाही. पण आम्ही दोघंही ताबडतोब गप्प बसलो.